आलेले नाटक आणि केलेले नाटक

आपल्या गावात दोन मराठी माणसे भेटली, घरच्यांची खुशाली विचारून झाली, की एक प्रश्न हमखास निघतो. ‘तुम्ही कुठल्या गटाचे?’ पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तो राजकारणाचा वाटतो. तो नाटकाचा असतो. ‘सानंद’ने आणलेल्या नाटकाचे शनिवार-रविवार मिळून पाच प्रयोग होतात आणि प्रत्येक प्रयोगाचे प्रेक्षक वर्षभरासाठी ठरलेले असतात. शनिवारी दुपारी रामूभैया दाते गट, संध्याकाळी राहुल बारपुते गट. रविवारी सकाळी मामा मुझुमदार, दुपारी वसंत, रात्री बहार. वर्गणी आधी भरायची आणि नाटक लागले की आपल्या वेळेला जाऊन बसायचे. कित्येक घरांत हे सभासदत्व आता तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखे पुढच्या पिढीकडे आले आहे.

मी जैन. घरात माळवी, दवाखान्यात हिंदी, आणि जुनी इंदूरच्या ज्या गल्लीत वाढलो तिथे मराठी. तेव्हा मराठी नाटकावर या माणसाने का बोलावे, असे कुणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच की नाटकाच्या दारात जात विचारत नाहीत, वेळ विचारतात. आणि वेळेचीच अडचण आमच्या घरी मोठी. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही, म्हणून मी दुपारी चारचा प्रयोग धरला. पण डिसेंबरात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे नाटकातले गुपित फुटण्याच्या आतच. त्यामुळे मध्यंतरात मंडळी बटाटेवड्याच्या रांगेत असतात आणि मी कोपऱ्यात डबा उघडून बसलेला असतो. बटाटा तसाही चालत नाही.

या लेखात मला एक भेद समजावून सांगायचा आहे. गावात आलेले नाटक आणि गावात केलेले नाटक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची गणिते वेगळी, दोन्हींपासून गावाला मिळते तेही वेगळे. इंदूरने पहिल्याची व्यवस्था फार उत्तम लावली आहे. दुसऱ्याकडे आपले लक्ष कमी झाले आहे, आणि त्याची किंमत आपल्या नातवंडांच्या जिभेवर दिसू लागली आहे.

आधी थोडे मागे जाऊ. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली. त्यांच्या फडात, पलटणीत, देवस्थानांत, पुढे शाळांत आणि कचेऱ्यांत मराठी कुटुंबे येत राहिली. तुमच्यापैकी बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा असेच आले. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात उभे राहिले, आणि त्यानंतर संगीत नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागल्या. त्या काळी कंपनी दोन दिवसांसाठी येत नसे. मुक्काम करी. सामानसुमान, स्वयंपाकी, पडदे, पेटी-तबला, मुलेबाळे यांच्यासह बिऱ्हाडच येई. अशा कंपनीला दोन गोष्टी लागत: भाषा कळणारा प्रेक्षक आणि अडीअडचणीला हात देणारा संस्थानिक. इंदूरला दोन्ही होते.

त्यातूनच एक गोष्ट घडली, जी आपण पाहुण्यांना सांगायला विसरतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १३ जानेवारी १८९९ रोजी केला, तो पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, इंदूरला. देवलांनी तोवर केलेली नाटके संस्कृतावरून किंवा इंग्रजीवरून घेतलेली होती. ‘शारदा’ त्यांचे स्वतःचे, आणि विषय घराघरातला. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशासाठी पोटची मुलगी त्याला द्यायला निघालेला कांचनभट, मध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि या सौद्यात जिला कुणी विचारत नाही ती शारदा. राजेरजवाडे आणि पुराणातली पात्रे बघायला सवकलेल्या लोकांसमोर त्यांच्याच ओसरीवरचे बोलणे उभे राहिले. लग्न शेवटी मोडते ते वरवधू सगोत्र निघाल्यामुळे. म्हणजे समाजाला मुलीच्या वयाची लाज वाटत नाही, गोत्राची वाटते. देवलांचा हा टोला आजही जिथे लागायचा तिथे लागतो. पुढे ३० वर्षांनी, १९२९ साली, अजमेरच्या हरबिलास सारडांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा मंजूर करून घेतला. सारडा आडनावाचा तो कायदा मराठीत ‘शारदा कायदा’ झाला आणि अनेकांना तो नाटकावरूनच आला असे वाटत राहिले. योगायोग खरा, पण गोड.

त्याच १९२९ साली २८ सप्टेंबरला आपल्या सिख मोहल्ल्यात दीनानाथ मंगेशकरांना मुलगी झाली. दीनानाथ बलवंत संगीत मंडळीचे मालक-नट. मुलीचे नाव आधी हेमा होते; लता झाले ते गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून. इंदूरकर मोठ्या अभिमानाने सांगतात की लताबाई इथे जन्मल्या. त्या फिरत्या नाटकवाल्याच्या घरी जन्मल्या आणि नावही नाटकातले घेऊन मोठ्या झाल्या, हा भाग सांगायचा राहून जातो.

बोलपट आले आणि कंपन्या एकेक करून बसल्या. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तसा दरबारचा आधारही गेला. १९५६ला मध्य प्रदेश झाला. कचेरीची भाषा हिंदी, शाळेची हिंदी, वर्तमानपत्राचीही हिंदी. आता मराठी नाटक आपोआप येणार नव्हते. मग लोकांनी ते स्वतः करायला घेतले. ‘नाट्यभारती’ ही याच काळातली. बाबा डिके आणि राहुल बारपुते ही नावे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असतील. बारपुत्यांचे मला नेहमी नवल वाटते. माणूस मराठी, ‘नई दुनिया’चा संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेला वळण लावणारा, आणि जीव नाटकात. दोन भाषांत राहणे म्हणजे एकीचा त्याग करणे नव्हे, याचे इतके चांगले उदाहरण आपल्या गावात दुसरे नाही. पुढे श्रीराम जोगांसारख्यांनी ती परंपरा चालवली. महाराष्ट्र शासनाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्रही इंदूरला आले, आणि आसपासच्या शहरांतल्या हौशी मंडळींना वर्षातून एकदा कंबर कसायला निमित्त मिळाले.

‘सानंद’चे पर्व सुरू झाले ते नव्वदीच्या दशकात. त्याची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे, कारण मुंबई-पुण्याबाहेरच्या अनेक शहरांना जे जमले नाही ते इथे जमले. मुंबईचे व्यावसायिक नाटक इंदूरला यायचे म्हणजे नेपथ्याचा ट्रक नाशिक, धुळे, सेंधवा करत बिजासनचा घाट चढून येणार. नटमंडळी अवंतिका एक्सप्रेसने किंवा बसने रात्रभराचा प्रवास करून येणार. दोन रात्री हॉटेल, जेवणखाण, आणि त्या दिवसांत मुंबईत बुडालेले प्रयोग. एवढा खर्च एका प्रयोगावर टाकला तर तिकीट कुणाला परवडणार नाही. तोच खर्च पाच प्रयोगांवर वाटला की प्रत्येकावर पाचवा हिस्सा येतो. ट्रक तोच, घाट तोच. पण पाच प्रयोग भरायचे तर पाच सभागृहांएवढे प्रेक्षक हवेत, आणि तेही तिकीटखिडकीच्या भरवशावर नकोत. म्हणून वर्गणी आधी. नाटक कोणते हे ठरण्यापूर्वी प्रेक्षक ठरलेला असतो. निर्मात्याला येण्याआधीच ठाऊक असते की इंदूरला खुर्च्या रिकाम्या नसतील.

दरबाराने एकट्याने जे केले ते हजारो घरांनी थोडे थोडे मिळून केले, असेच म्हणावे लागेल. माझ्या मते गेल्या ५० वर्षांत इंदूरच्या मराठी समाजाने केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम आहे. तेव्हा पुढे जे लिहितो ते या व्यवस्थेविरुद्ध नाही.

आलेले नाटक आपल्याला प्रेक्षक करते. उत्तम नट बघायला मिळतात, नवे विषय कळतात, वर्षातून काही वेळा चांगले कपडे घालून मराठीत गप्पा मारता येतात. पण त्या नाटकातले घर दादरचे किंवा कोथरूडचे असते. लोकल चुकते, सोसायटीची सभा होते, मुलगा ‘एकदम टाउनला’ जातो. विनोद आपल्याला कळतो, फक्त अर्धा क्षण उशिरा. आपण बोलतो ती मराठी त्या नाटकात कधीच नसते. ‘मी येऊन राहिलोय’, ‘मला आत्ता माहीत पडलं’, असे बोलणारे पात्र मुंबईच्या नाटकात आलेच तर हसण्यासाठी येते. रावळ्याजवळच्या वाड्याची वाटणी, सून हिंदीभाषक आल्यावर स्वयंपाकघरात झालेला भाषेचा समझोता, पुण्याला गेलेला मुलगा आणि त्याला परत आणू न शकणारे गाव, हे सगळे नाटकाचे ऐवज आहेत. ते मुंबईचा लेखक लिहिणार नाही. त्याला ते माहीतच नाही, त्याचा दोष कसला?

बोलीत मोठे नाटक होत नाही, असे कुणी म्हणेल. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ आठवा. विदर्भातल्या खेड्यातला एक ढासळता वाडा, त्या घरातली माणसे, त्यांचे वळण. १९८५ साली ते मुंबईच्या रंगभूमीवर आले आणि विदर्भ कधी न पाहिलेल्यांनाही आपलेच वाटले. त्याच विदर्भाच्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत झाडीपट्टीची रंगभूमी आहे. वडसा हे तिचे ठाणे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, होळीच्या सुमारापर्यंत चालतो. गावोगाव मंडप पडतात आणि नाटक रात्रभर रंगते. तिकीट काढून शेतकरी बघतो. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही नाटके सगळ्यांना रुचतील असे नाही, मलाही सगळीच रुचणार नाहीत. पण तिथला नट तिथलाच आहे, बोली तिथलीच आहे, आणि रंगभूमी पाहुण्यांवर अवलंबून नाही.

याच्या उलट टोकाला तंजावर. भोसल्यांचे तिथले मराठी राज्य. शहाजीराजे दुसरे यांनी, १६८४ ते १७१२ हा त्यांचा राज्यकाळ, मराठीत नाटके लिहिली. म्हणजे भाव्यांच्या सांगलीच्या प्रयोगाआधी दीडशे वर्षांच्या आसपास. ती हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि अभ्यासक ती वाचतात. तंजावरकर मराठी मंडळी आजही घरात आपली मराठी बोलतात. पण मराठी रंगभूमी त्या गावात उरली नाही. राजाश्रय होता तोवर नाटक होते. इंदूरची गोष्ट तंजावरच्या वाटेने जाईल असे भाकीत मी करत नाही. वैद्याने भाकीत करू नये, लक्षणे सांगावीत.

पहिले लक्षण माझ्या दवाखान्यात रोज दिसते. आजी मराठीत विचारते, ‘कुठे दुखतंय रे बाळा?’ नातू हिंदीत उत्तर देतो. त्याला आजीचे सगळे कळते. बोलायला मात्र लाजतो, कारण बोलला की चुकतो आणि चुकला की घरात हसतात. तो ‘केळं’ला ‘केला’ म्हणतो, ‘बाळ’ला ‘बाल’. गंमत म्हणजे आमच्या माळवीत ‘ळ’ आहे; खेड्यातून आलेला माळवी म्हातारा तो स्वच्छ म्हणतो, आणि शहरातल्या मराठी घरातला मुलगा अडखळतो. ‘चहा’तला च आणि ‘चोरा’तला च वेगळे आहेत हे त्याला कुणी सांगितलेले नसते, कारण हिंदीत दोन्ही सारखेच. झाड त्याच्या लेखी ‘तो’ असते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, मग ‘ते’ आणायचे कुठून?

पण त्याच मुलाजवळ एक भांडवल आहे. न्यू जर्सीतल्या किंवा चेन्नईतल्या मराठी मुलाला आधी लिपी शिकावी लागते. आपल्या मुलाला देवनागरी शाळेतच येते. त्याच्या हातात मराठी संहिता द्या, तो वाचू लागेल. आता नाटकाची तालीम म्हणजे काय, ते बघा. पहिले आठ-दहा दिवस सगळे गोल बसून नुसते वाचन करतात. तेच वाक्य वीस वेळा, वेगवेगळ्या तोंडांनी. चुकले तर दिग्दर्शक सुधारतो, आणि ते हसणे नसते, काम असते. मग हालचाली बसतात, वाक्य हाता-पायांशी जोडले जाते. महिना-दीड महिन्याने त्या मुलाला स्वतःचीच नव्हे, समोरच्याचीही वाक्ये पाठ असतात. भाषेचा वर्ग लावला तर तीन आठवड्यांत मुले गळतात. तालमीतून गळत नाहीत, कारण आपण नाही गेलो तर दुसऱ्याचा प्रवेश अडतो.

दुसरे लक्षण प्रेक्षागृहात दिसते. केस पांढरे झाले आहेत. मध्यंतरात माझे रुग्ण तक्रार करतात की हल्लीचे नट पुटपुटतात. थोडे खरे असेल. पण वय वाढते तसे कान आधी उंच पट्टीचे स्वर गमावतो, आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. आवाज ऐकू येतो, शब्द निसटतो. म्हणून आजोबा हसणाऱ्यांकडे बघून हसतात. अशांनी शक्यतो पुढच्या रांगेत बसावे आणि एकदा कानाची तपासणी करून घ्यावी. यंत्र लावण्यात लाज नाही, चष्म्यात आहे का? पण मुद्दा असा की त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर चाळिशीच्या आतले माणूस क्वचित दिसते. ज्याने लहानपणी कधी तालमीत चहाचे कप उचलले आहेत, तो मोठेपणी वर्गणी भरतो. केलेले नाटक हे आलेल्या नाटकाच्या प्रेक्षकाची शाळा आहे. शाळा मिटली की काही वर्षांनी पाच गटांचे चार होतील, आणि मग तो ट्रकाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

हौशी संस्थांची अडचण काय, तेही सांगतो. ४० संध्याकाळ तालीम, लेखकाची परवानगी आणि मानधन, सभागृहाचे भाडे, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, आणि प्रयोग किती? बहुधा एक, स्पर्धेचा. फार तर दोन. नटाला पहिल्या प्रयोगात फक्त भीती कळते. टाळी कुठे येते, कुठे थांबायचे, हे तिसऱ्या-चौथ्या प्रयोगात उमगते. आपल्या मुलांना तिसरा प्रयोग मिळतच नाही. नेपथ्य कुणाच्या तरी गच्चीवर पावसात भिजते.

आणि त्याच गावात पाच भरलेल्या सभागृहांची व्यवस्था तयार आहे. वर्षातले एक नाटक, एकच, इंदूरचे असावे, आणि त्याला पाचही गटांचे पाच प्रयोग मिळावेत, अशी मागणी सभासद म्हणून तुम्ही करू शकता. ट्रकाचा आणि हॉटेलचा खर्च वाचेल, तो तालमीवर आणि लेखकाच्या मानधनावर घालावा. दर्जा घसरेल, ही भीती मी ऐकली आहे. पहिल्या वर्षी थोडा घसरेलही. वर्षभरात आलेल्या प्रत्येक नाटकाचा दर्जा उंच होता, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? एका वर्षी एका नाटकाला सवलत द्या. शिवाय स्पर्धेचे प्रयोग लागतात तेव्हा नातवाला घेऊन जा. नट ओळखीचा निघाला, शेजारचा बँकेतला माणूस पोलीस झालेला दिसला, की मुलाला कळते की हे आपल्यालाही करता येईल.

पहिले नाटक कोणते घ्यावे, असे मला विचाराल तर ‘शारदा’. देवल १९१६ साली वारले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे परवानगीचा आणि मानधनाचा प्रश्न नाही. वाचलेले पैसे पेटी-तबल्याच्या साथीदारांना द्यावेत. पदे सगळी घेऊ नयेत, सात-आठ पुरे. तीन तास बसणे आता गुडघ्यांना झेपत नाही. भाषा जुनी आहे, पण मुलांना जुनी भाषा मोठ्यांपेक्षा लवकर पाठ होते. भुजंगनाथाच्या कामासाठी आपल्याकडे उमेदवार भरपूर निघतील. शारदा आणि तिच्या मैत्रिणींसाठी मात्र मुली शोधाव्या लागतील, आणि तो शोध उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरू करावा. शाळा उघडल्या की शिकवण्या लागतात. मे महिन्यात वाचन बसले तर दिवाळीपर्यंत नाटक उभे राहते.